अंगठ्याचे वैभव

मनुष्य ज्या पेठेत राहतो त्या पेठेच्या ऐपतीला शोभेल असाच रोग त्याने करून घ्यावा, असा एक अलिखित दंडक आपल्या समाजात फार दिवस चालत आला होता, आणि सोलापूरच्या भवानी पेठेने तो मोठ्या इमानाने पाळला होता. मागाच्या खडखडाटात जन्म काढणाऱ्यास कानाचे बहिरेपण, रुईचा भुरका छातीत साठलेल्यास खोकला, बारा-बारा तास उभ्याने पाळी करणाऱ्यास पोटऱ्यांच्या फुगलेल्या शिरा आणि सुपात तेंदूची पाने घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या आयाबायांस मानेचे व कंबरेचे दुखणे, अशी येथील विकारांची वतने पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेली होती. या विकारांना कोणी नाव विचारीत नसे, त्यांचे कागद होत नसत आणि तापलेल्या विटेचा शेक यापलीकडे त्यांच्यावर सहसा खर्चही मंजूर होत नसे. परंतु अलीकडे या पेठेत अशा एका विकाराचा मोठ्या थाटाने प्रवेश झाला आहे की ज्याने एके काळी सम्राटांच्या, सरदारांच्या आणि फार झाले तर एखाद्या सुखवस्तू मठाधिपतीच्या पायांखेरीज दुसऱ्या पायांना शिवणे कमीपणाचे मानले असते. त्याचे संपूर्ण नाव यूरिक ॲसिड. पेठेत मात्र त्याला लाडाने नुसते ‘युरिक’ म्हणतात, आणि “आमच्या अण्णांना युरिक निघालंय” हे वाक्य ज्या स्वरात उच्चारले जाते, त्या स्वरात पूर्वी “आमच्या अण्णांना बढती मिळाली” असे सांगत असत.

या विकाराची खानदानी परंपरा लक्षात घेतली म्हणजे हा अभिमान अगदीच अनाठायी वाटत नाही. स्पेनचा राजा आणि पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट पाचवा चार्ल्स या दुखण्याने इतका गांजला की अखेरीस त्याने राज्यत्याग करून मठाची वाट धरली. त्याच्या बोटाचे जतन करून ठेवलेले पेर २००६ साली शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा साडेचारशे वर्षांपूर्वीचे यूरेटचे स्फटिक त्यात जागच्या जागी सापडले. बेंजामिन फ्रँकलिन या अमेरिकन मुत्सद्द्याने १७८० साली आपला व आपल्या या व्याधीचा संवादच लिहून काढला आणि त्यात व्याधीकडून स्वतःची खरडपट्टी काढून घेतली, कारण हा गृहस्थ जेवण झाल्यावर फिरावयास जाण्याऐवजी बुद्धिबळे मांडून बसत असे. आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या दप्तरात राजघराण्यातील पायदुखीची जी एक ठळक नोंद आहे ती आलमगीर औरंगजेबाची. परंतु न्यायाची बूज राखून सांगितले पाहिजे की १७०० साली सांगोल्याजवळ खवासपूरच्या छावणीत माण नदीचा पूर शिरला असता धावपळीत बादशहाचा गुडघा निखळला होता, त्यात यूरिक ॲसिडचा काहीएक संबंध नव्हता. तरी त्या प्रसंगी दरबारी मंडळींनी जे केले ते आमच्या विषयास फार जवळचे आहे. बादशहा जन्मभराचा लंगडा होणार असे दिसताच त्यांनी त्याची अशी समजूत घातली की, ही तर हुजुरांना मूळ पुरुष तैमूरलंगाकडून आलेली मिरास आहे. दुखण्याला प्रतिष्ठा चिकटवून दिली म्हणजे दुखणेकऱ्याचा राग जातो व हुजऱ्यांची सोय होते, ही गोष्ट बाजाराला फार उशिरा कळली. दरबाराला ती केव्हाच ठाऊक होती.

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या एकोणतिसाव्या अध्यायात वातरक्त या नावाखाली जे वर्णन केले आहे ते याच व्याधीशी पुष्कळ अंशी जुळते. सुकुमार प्रकृतीची, मिष्टान्नावर ताव मारणारी आणि पायी चालण्याचा कंटाळा असणारी माणसे हे त्याचे गिऱ्हाईक. आणि कारणांच्या यादीत कुळीथ, उडीद, दही, मद्य, राग, अपचन यांच्या जोडीने घोड्या-उंटावरच्या रपेटीचाही उल्लेख आहे. भवानी पेठेत उंट येतो तो मुलांना फिरवून आणण्यापुरता, आणि घोडा येतो तो नवरदेवाला घेऊन. तेव्हा हे कलम येथे लागू होत नाही. मात्र त्याच यादीत दिवसा झोपणे आणि रात्री जागणे अशी दोन कलमे लागोपाठ आहेत. यंत्रमागाच्या रातपाळीवर निम्मे आयुष्य काढलेल्या माणसाला हा श्लोक वाचून दाखविला तर आपल्या पोटापाण्याच्या धंद्याची नोंद दोन हजार वर्षांपूर्वीच ऋषींनी कारणांच्या सदरात करून ठेवलेली पाहून त्याला गहिवर येईल. राजवाड्यात जी चैन होती ती येथे मजुरी झाली. शरीराला मात्र दोहोंतला फरक कळत नाही असे दिसते.

शरीराचा कारभार हा एखाद्या जुन्या मामलेदार कचेरीसारखा चालतो. पेशी जुन्या होतात, मोडीत निघतात, त्यांतील प्यूरिन नावाच्या द्रव्याचा निकाल लावता लावता शेवटी यूरिक ॲसिड उरते, आणि हे उरलेले कागद बाहेर रवाना करण्याचे काम दोन तृतीयांश मूत्रपिंडांकडे व एक तृतीयांश आतड्यांकडे सोपविलेले असते. इतर बहुतेक सस्तन प्राण्यांच्या कचेरीत यूरिकेज नावाचा एक कारकून असतो. तो या कागदांचा तेथल्या तेथे लगदा करून सहज वाहून जाईल असा पदार्थ बनवितो. आपल्या वानरवंशीय पूर्वजांनी दीड-एक कोटी वर्षांपूर्वी ही जागा रद्द केली आणि तेव्हापासून ती भरलेली नाही. परिणामी मूत्रपिंडाचा जावकनिशी कारकून सुस्तावला, अथवा रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू झाली, अथवा क्षयाच्या औषधांपैकी पायराझिनामाइड पोटात जाऊ लागले, की टपाल तुंबते. आणि रक्ताच्या दर १०० मिलिलिटरमागे ६.८ मिलिग्रॅमच्या पुढे बाकी गेली म्हणजे हे कागद सुईसारखे टोकदार स्फटिक होऊन कोठे तरी साठण्याच्या खटपटीस लागतात. थंड जागा त्यांना विशेष मानवते, म्हणून हृदयापासून सर्वांत दूर असलेला पायाचा अंगठा ते पसंत करतात. (पेठेतील पत्र्यांवर बसणारी कबुतरे हेच द्रव्य खुशाल पांढऱ्या शिंतोड्यांच्या रूपाने आपल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर रवाना करतात व निश्चिंत असतात, परंतु महानगरपालिकेच्या हद्दीत राहणाऱ्या मनुष्यास ती सवलत नाही.)

यातील खरी मेख अशी आहे की बाकी थकली म्हणून लगेच जप्ती येतेच असे नाही. ज्यांचा आकडा वाढलेला आहे अशांपैकी बहुसंख्य लोकांचा अंगठा मरेपर्यंत दुखत नाही. म्हणूनच अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले त्यात, ज्याला काहीच होत नाही त्याचा केवळ आकडा उतरविण्यासाठी औषध सुरू करू नये, असाच कौल दिलेला आहे. पूर्वी हा प्रश्न उद्भवतच नसे, कारण अंगठा दुखल्याशिवाय आकडा काढण्याचे कोणाच्या डोक्यात येत नसे. आता क्रम उलटला आहे. सणासुदीच्या सुमारास रक्ततपासणीच्या सवलतीची पत्रके चादरींच्या सवलतीच्या पत्रकांच्या बरोबरीने दारात पडतात. साठ-सत्तर तपासण्या एका रकमेत, पत्नीची तपासणी निम्म्या दरात, आणि माणूस दारात येऊन रक्त घेऊन जाणार. पहाटे उपाशीपोटी दंड पुढे करून बसलेला गृहस्थ या घाऊक खरेदीने इतका सुखावलेला असतो की सुई टोचल्याचेही त्याला भान राहत नाही. एवढ्या तपासण्यांत एकही आकडा इकडचा तिकडे निघू नये, अशी अपेक्षा करणे म्हणजे जत्रेत सत्तर वेळा नेम धरून एकही फुगा फुटू नये असे म्हणण्याजोगे आहे.

संध्याकाळी मोबाईलवर अहवाल येतो. त्यात हिमोग्लोबिन, साखर, क्षार वगैरे सज्जन मंडळी बारीक अक्षरांत गुमान उभी असतात, आणि मध्येच एका ओळीत ७.४ हा आकडा ठळक काळ्या शाईत, शेजारी वर तोंड केलेला बाण घेऊन, फौजदारासारखा उभा असतो. उजव्या बाजूस पुरुषांची मर्यादा ३.५ ते ७.२ अशी छापलेली. म्हणजे गुन्हा अवघ्या ०.२ चा, परंतु बाणाला दशांशाची पर्वा नसते. त्या रात्रीपासून गृहस्थाचे सांधे बोलू लागतात. जिना चढताना गुडघा जो आवाज गेली पंधरा वर्षे करीत आला, तोच आता युरिकचा आवाज ठरतो. टाच, मान, पाठ, एवढेच काय पण जेवणानंतर येणारी सुस्तीसुद्धा त्याच्याच खात्यावर टाकली जाते. शेजारी सकाळी विचारतो, “काय मालक, किती आला?” आणि सात पूर्णांक चार ऐकून, “आमचा आठला टेकलाय,” असे सांगताना त्याची मान किंचित ताठ होते.

यानंतर स्वयंपाकघरावर धाड पडते. तुरीच्या आमटीला पहिल्याच दिवशी तडीपारीची नोटीस. पालक, फ्लॉवर, वाटाणे आणि टोमॅटो यांच्यावर संशयित म्हणून नजर. हुलग्याचे माडगे, जे सोलापुरी घरात आजारी माणसाला हमखास द्यावयाचे, तेच आता आजाराचे मूळ ठरून हद्दपार. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यांचा निकाल राखून ठेवलेला असतो, कारण त्यांना शिक्षा फर्मावण्याचे धैर्य या शहरात अद्याप कोणाला झालेले नाही. वस्तुतः या प्रकरणाची रीतसर चौकशी पूर्वीच झालेली आहे. अमेरिकेत ४७,१५० पुरुषांच्या आहारावर १२ वर्षे नजर ठेवून २००४ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यात मटण-मासळीने या व्याधीची भीती वाढते, दुधा-ताकाने ती कमी होते आणि प्यूरिनयुक्त भाज्यांनी ती मुळीच वाढत नाही, असे निष्पन्न झाले. म्हणजे ताकाच्या बाबतीत चरकाचार्यांचे आणि अमेरिकनांचे एकमत नसले तरी पालकाची सुटका निर्दोष म्हणून झालेली आहे. हा हुकूम भवानी पेठेपर्यंत पोचावयाचा राहिला आहे इतकेच. खरे आरोपी म्हणजे कलेजी, वजडी, सुकट, बिअर आणि लग्नकार्यात पाण्याऐवजी रिचविली जाणारी गोड रंगीत पेये. पण आमटी सोडलेला गृहस्थ मांडवात थंड पेयाची बाटली मात्र निर्धास्तपणे तोंडाला लावतो, कारण ‘ते शाकाहारी आहे’. शिवाय शरीरातील यूरिक ॲसिडचा मोठा भाग शरीर स्वतःच तयार करते, जेवणातून येतो तो सुमारे एक तृतीयांश. म्हणून अगदी तपश्चर्या करूनही आकडा बहुधा एखाद्या अंकानेच उतरतो. एवढ्या भांडवलावर घरातील बायकांच्या वाट्याला रोजचे दोन स्वयंपाक येतात, याची नोंद कोणत्याही अहवालात ठळक अक्षरांत होत नाही.

बाजार या अवस्थेची वाटच पाहत असतो. जो आजारी आहे त्याला गुण येतो की नाही हे कळून चुकते, म्हणून तो वाईट गिऱ्हाईक. ज्याला काहीच होत नाही आणि तरी धास्ती आहे, तो उत्तम गिऱ्हाईक, कारण त्याला कोणत्याही औषधाने काहीच होत नाही आणि तेच गुणाचे लक्षण मानले जाते. गुळवेलीचा रस, दुधीचा रस, पंचवीस वनस्पतींचे चूर्ण, अल्कधर्मी पाण्याचे यंत्र, तांब्याचे कडे, लोहचुंबक बसविलेल्या सपाता आणि सफरचंदाचा शिरका ही सगळी सेना एकाच अंगठ्यावर चालून येते. (शिरक्याने पितळेची भांडी उत्तम निघतात, असा आमच्या आळीतील एका गृहिणीचा अनुभव आहे, व त्या घरी ती बाटली अद्याप मागविली जाते.) मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा भरते तेव्हा पाळण्यांच्या आणि भेळेच्या गर्दीत मुळ्यांचे व तेलांचे पाल टाकून बसणारा जो मनुष्य पूर्वी नुसते ‘वात, वात’ म्हणून ओरडे, तोही आता ‘युरिक, युरिक’ ओरडतो, तेल तेच, बाटलीही तीच, आरोळीत तेवढी सुधारणा झाली आहे.

सरकारने या बाबतीत अगदीच डोळेझाक केली आहे असे नाही. जादूटोण्याच्या व आक्षेपार्ह औषधी जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ सालचा आहे, आणि त्याच्या परिशिष्टात ज्या ५४ विकारांवर रामबाण इलाजाची जाहिरात करणे हा गुन्हा ठरविला आहे, त्यांत संधिवात आहे, मधुमेह आहे, मूतखडा आहे, आणि माणसाची उंचीसुद्धा आहे. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पण जाहिरात लिहिणारे कायदा लिहिणाऱ्यांपेक्षा नेहमीच अधिक व्युत्पन्न असतात. ते रोगाचे नावच घेत नाहीत. ‘यूरिक ॲसिडची पातळी राखण्यास साहाय्यक’ एवढेच छापतात, आणि शेजारी लाल भडक सांध्याचे एक चित्र देतात. चित्राने काय म्हटले हे कोर्टात शाबीत करणे कठीण जाते.

आमच्या आळीत, एका बंद पडलेल्या गिरणीतून निवृत्त झालेले एक जॉबर राहतात. त्यांचा आकडा ८.१, दोन वर्षे त्यांनी कडे घातले, रस प्याले, आमटी सोडली, आणि या काळात त्यांचा अंगठा तसूभरही दुखला नाही. मग नात्यातल्या एका लग्नाहून परतल्यावर मध्यरात्री तो दुखला. टॉमस सिडनहॅम या इंग्रज वैद्याने, जो स्वतःच या व्याधीचा जुना बंदा होता, १६८३ साली लिहून ठेवले आहे की या रात्री रोग्याला अंगावरच्या पांघरुणाचे ओझे सहन होत नाही आणि खोलीत कोणी चालले तरी त्या धक्क्याने जीव जातो. सिडनहॅमच्या डोळ्यांपुढे विलायतेतले पांघरूण असणार. येथे तर साक्षात सोलापुरी चादर, दोन्ही अंगांनी नक्षी उठलेली, जिच्या वजनाची ख्याती देशभर आहे आणि जी विणून घेण्यात या गृहस्थांची हयात गेली. त्या रात्री त्या चादरीचे नुसते टोक अंगठ्याला लागले आणि त्यांनी जी आरोळी ठोकली तिने खालच्या माळ्यावरचा रातपाळीचा माग क्षणभर थांबला. अंगठा वांग्यासारखा जांभळट, तुळतुळीत आणि तापलेला. सकाळी रक्त दिले. आकडा आला ५.९.

या घटनेने आळीतील वैद्यकशास्त्र पार कोलमडले. दोन वर्षे आठच्या पुढे असताना सुख, आणि सहाच्या आत आल्यावर हा प्रळय! वास्तविक ऐन हल्ल्याच्या दिवशी आकडा खाली येणे ही नेहमीचीच गोष्ट आहे, आणि सूज कशाची याचा पक्का पुरावा पाहिजे तर सांध्यातील पाण्याचा थेंब काढून सुईसारखे स्फटिक शोधावे लागतात. परंतु हे सर्व दवाखान्यातील तरुण डॉक्टरने सांगेपर्यंत “रिपोर्ट तर नॉर्मल हाय की,” असे म्हणून जॉबरसाहेबांना लंगडत हिंडण्याचा आग्रह करणारे दोन आप्त होऊन गेले होते. डॉक्टरने कोल्चिसिन दिले. हे औषध मूळ एका कंदातून काढलेले. त्याचा काश्मिरी भाऊबंद सुरंजान या नावाने हकिमांच्या कपाटात शतकानुशतके बसून आहे. याच कोल्चिसिनची कथा अमेरिकेत मोठी रसाळ घडली. तेथे ही गोळी पिढ्यान्‌पिढ्या सुमारे ९ सेंटला मिळत असे. २००९ साली एका कंपनीने नव्याने चाचण्या करून सरकारी मंजुरी व तिच्या सोबत येणारा मक्ता मिळविला, आणि तीच गोळी ४.८५ डॉलरला विकावयास काढली. जुन्या गोष्टीचा नवा दाखला काढण्यासाठी किती दाम मोजावे लागतात हे आपल्या तलाठ्यांनाही ठाऊक आहे, पण एवढ्या पटीत त्यांची मजल गेलेली नाही.

सूज उतरल्यावर, पुन्हा हल्ले येऊ नयेत म्हणून डॉक्टरने ॲलोप्युरिनॉल लिहून दिले. जॉर्ज हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन यांनी कर्करोगावरील एका औषधाचा जोर वाढावा म्हणून हाती घेतलेले हे रसायन १९६६ पासून या कामी रुजू आहे, त्या दोघांना १९८८ साली नोबेल पारितोषिकही मिळाले. बहुतेकांना ते सोसते, क्वचित अंगावर वाईट पुरळ आणते, म्हणून थोड्या मात्रेने सुरू करून आकडा ६ च्या खाली ठेवावा लागतो आणि ते बहुधा जन्मभर घ्यावे लागते. पण त्याचा एक अक्षम्य दोष आहे: ते स्वस्त आहे. औषधांच्या दुकानात जॉबरसाहेबांनी ती पट्टी उलटून-पालटून किंमत वाचली आणि चष्म्यावरून दुकानदाराकडे पाहिले.

“एवढ्यात भागतंय व्हय? जरा भारीतली दावा की, मालक.”

दुकानदाराचा या गादीवर तीस वर्षांचा अनुभव. तो एक शब्द बोलला नाही. मागच्या फळीवरून गुळवेलीच्या रसाची, सोनेरी झाकणाची, साडेचारशे रुपयांची बाटली काढून त्याने पट्टीशेजारी ठेवली आणि सांगितले, “ही गोळी नुसती पाण्याबरोबर घ्यायची नाही, अण्णा. ह्या रसाबरोबर घ्यायची. एक दिवस चुकली तर रस वाया.”

साडेचारशे रुपये वाया जाऊ नयेत म्हणून जॉबरसाहेबांनी गोळी एक दिवस चुकविली नाही. तीन महिन्यांनी आकडा ५.४ आला, अंगठा चादरीखाली निवांत झोपू लागला, आणि सध्या आमच्या आळीत चार घरी त्या रसाची बाटली आलेली आहे. गोळीची चौकशी मात्र अद्याप कोणी केलेली नाही.